अंगावर धातू नको

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५. नारायणगुडा.

निवृत्त होऊन आठ महिने झाले. खात्यात असताना रोज लॉगबुक लिहायचो: कुठलं मापनयंत्र दुरुस्तीला आलं, काय बिघडलं होतं, काय बदललं. त्यातलंच एक कोरं रजिस्टर सुनीतानं आज माळ्यावरून काढलं, झटकलं आणि माझ्यापुढं टाकलं. म्हणाली, "टीव्हीशी भांडण्यापेक्षा यात लिहा." म्हणून लिहितो.

नोंद पहिली: सुनीताची मोत्याची कुडी हरवली. उजव्या कानातली. मराठी मंडळाची सहल शहराबाहेरच्या एका आमराईत होती, तिथं लंगडी खेळताना पडली. सत्तावन्नाव्या वर्षी लंगडी! गणिताची बाई म्हणून तीस वर्षं पोरांना दम दिला, पण मोकळं मैदान दिसलं की हिच्यातली पोर जागी होते. दोन तास सगळ्यांनी गवत चिवडलं. कुडी तिच्या आईची. घरी आल्यावर डावी कुडी काढून डबीत ठेवली आणि रडली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तिला रडताना मी चारदा पाहिलंय.

मी शब्द दिला की शोधून देईन. माझ्या शब्दावर ती हसली नाही, हे विशेष.

बुधवार, ३ डिसेंबर

मेटल डिटेक्टर बघायला कोठीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं एक चकचकीत पेटी उघडली. आत दोन पितळी सळ्या, एक मूठ आणि एक लाल दिवा.

"अंकल, येइच लेलो. दस मीटर अंदर का सोना पकडता. जर्मन माल है."

मी विचारलं, फ्रिक्वेन्सी किती?

"फ्रिक्वेन्सी कैकू? आपकू सोना होना ना?"

खिशात पेचकस होताच. मागचं झाकण उघडलं. बॅटरी दिव्याला जोडलेली, सळ्या कशालाच जोडलेल्या नाहीत. त्याला दाखवलं. तो जराही ओशाळला नाही. म्हणाला, "लोगां इसीच को लेके जारे, अंकल. आपइच पहले हैं जो ढक्कन खोले."

बसमध्ये त्याचं ते शेवटचं वाक्य डोक्यात घोळत राहिलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

शनिवार, ६ डिसेंबर

तीन दिवस वाचतोय, टिपणं काढतोय. इतका उत्साह मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आलाय, असं सुनीता म्हणते. तिचं म्हणणं खरं आहे.

निष्कर्ष असा. चांदीची मोठी नाणी खालच्या फ्रिक्वेन्सीला छान वाजतात, पण कानातलं, साखळी, असलं बारीक सोनं वरच्या फ्रिक्वेन्सीलाच सापडतं. म्हणून दोन्ही एकदम चालवणारं यंत्र हवं. जमिनीवर फिरवायची चकती लहान हवी, म्हणजे गवताच्या मुळांत शिरता येतं. आणि खोलीच्या थापा ऐकायच्या नाहीत. नाणं जास्तीत जास्त एक फुटावर कळतं, कुडी तर चार-पाच इंचांवर.

सगळ्यात महत्त्वाचं बटण कचरा गाळायचं. ते लावलं की खिळे, पन्नी, बाटल्यांची झाकणं गप्प होतात. माणसाला वाटतं, काय शांत यंत्र आहे! पण यंत्राच्या पडद्यावर बारीक सोन्याचा आकडा पन्नीच्या आकड्याशेजारीच असतो. पन्नीला गप्प केलं की सोनंही गप्प बसतं. म्हणून काहीही गाळायचं नाही. प्रत्येक आवाजाशी थांबायचं आणि उकरून बघायचं.

असं यंत्र मागवलं.

शनिवार, १३ डिसेंबर

यंत्र आलं. गच्चीवर चाचणी. सुनीताची अंगठी, पाचाचं नाणं, वडिलांच्या पेटीतला निजामाच्या वेळचा हाली सिक्का, तिन्ही वाजली. मध्येच यंत्र पिसाळल्यासारखं किरकिरायला लागलं. कारण शोधलं: माझ्या खिशातला मोबाईल आणि शेजारी उभ्या सुनीताच्या बांगड्या.

नियम ठरवला आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राच्या पेटीत चिकटवला: अंगावर धातू नको. मोबाईल घरी.

रविवार, १४ डिसेंबर

सापडली! आंब्याच्या तिसऱ्या झाडाखाली, दोन इंचांवर. सातही मोती शाबूत.

सुनीतानं ती तिथंच पदराला पुसली, कानात घातली आणि मंडळाच्या चार लोकांसमोर माझा हात धरला. मी यंत्राची फ्रिक्वेन्सी सांगत बसलो.

आमराईची परवानगी काढून देणारे अंबाजी गौलीगुड्याहून मुद्दाम आले होते. मंडळाच्या सहली तेच ठरवतात. साठीचे, बोलायला गोड. माझ्याबरोबर वाकून शोधताना त्यांच्या पाठीत उसण भरली, उभं राहता येईना. मी म्हटलं, काळजी करू नका, आमची ही पायाळू आहे. जन्मली ती पायांकडून. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणतात. माझा विश्वास नाही, पण फुकटचा उपाय आहे! सगळे हसले. सुनीतानं नाइलाजानं डावा पाय त्यांच्या पाठीला तीनदा लावला. पाच मिनिटांत अंबाजी ताठ उभे. योगायोग.

अंबाजी मात्र हसले नाहीत. तिच्या पायांकडे बघत होते.

परत येताना सुनीता भडकली. "आईनं मला शाळेतसुद्धा हे सांगू दिलं नव्हतं. पायाळू मूल आहे हे चारचौघांत बोलायचं नसतं. गुप्तधन शोधणारे पायाळूला घेऊन जातात आणि परत आणत नाहीत, असं ती म्हणायची."

मी म्हटलं, तुझी आई नववारी नेसून बैलगाडीतून फिरायची. आपण हैदराबादेत राहतो, घराजवळून मेट्रो धावतेय.

रविवार, २१ डिसेंबर

अंबाजी मलईची मिठाई घेऊन घरी आले. पाठ बरी आहे. "आधी मी मलकपेठच्या मंगलाबाईंकडे जायचो," म्हणाले. "त्याही पायाळू. पण दोन वर्षं झाली, गावाला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. तुमच्या वहिनी भेटल्या, देवच पावला."

मग बऱ्याच चौकशा. वहिनींचं जन्मनक्षत्र? थोरल्या की धाकट्या? कधी हाड मोडलं होतं का, ऑपरेशन झालंय का, अंगावर कुठं डाग-व्रण? मी सांगितलं, ठणठणीत आहे, अपेंडिक्ससुद्धा जागेवर आहे. सुनीता आतून चहा घेऊन आली आणि कप जरा जोरातच ठेवला.

मुद्दा वेगळाच होता. हर्षवर्धन म्हणून त्यांचे ओळखीचे बिल्डर आहेत. त्यांची शहराबाहेर पडीक जमीन आहे, जुन्या गढीचा भाग. तिथं नाणी, दागिने असावेत असा अंदाज. शास्त्रशुद्ध शोध घेणारा माणूस हवाय. "यंत्रं सगळ्यांकडं असतात, दिगंबरराव. कळणारा माणूस नसतो."

मी अट घातली: सापडेल ते कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. "हौ, हौ, जरूर," म्हणाले. इतक्या चटकन कुणी कायदा मानलेला मी पाहिला नव्हता. भला माणूस आहे.

अजून गाजावाजा नको, असंही म्हणाले. जमिनीवर लोकांची नजर असते.

रविवार, २८ डिसेंबर

जागा बघून आलो. हर्षवर्धन चाळिशीचा, पांढरी मोठी गाडी, दहाही बोटांत अंगठ्या. मी नियम सांगितल्यावर त्यानं त्या निमूटपणे काढून गाडीत ठेवल्या. मोबाईलसुद्धा. मला आवडलं.

खडकाळ माळ, मध्ये एक कडुलिंब, बाजूला पडकी भिंत. पूर्ण तीन तास यंत्र फिरवलं. काहीही गाळलं नाही. खिळेसुद्धा वाजले नाहीत! जिथं वस्ती होती तिथं खिळा, नाल, कडी असं काही तरी वाजतंच. मी स्पष्ट सांगितलं, इथं जुनं काही असेलसं वाटत नाही.

अंबाजी म्हणाले, "आहे. खाली आहे."

कडुलिंबापासून दहा पावलांवर माती भुसभुशीत लागली, कधीतरी खणून परत भरलेली. तिथं मात्र यंत्र वाजलं. स्वच्छ, गोड आवाज. चार इंचांवर एक सोन्याचा झुमका! एकच. मी आनंदानं ओरडलो. यंत्र निवडताना मी जे जे ठरवलं ते सगळं बरोबर होतं, याचा हा पुरावा. पण जुनं नव्हतं ते. भिंगाखाली हॉलमार्कची खूण आणि सहा अक्षरी क्रमांक दिसला.

दोघांच्याही तोंडावर आनंद नव्हता. अंबाजी खाली बसले आणि पाणी मागितलं. हर्षवर्धननं हात पुढं केला. "अंकल, इधर दो. किसी मजदूर औरत का होंगा. मैं पता करके दे देतूं."

मी दिला. क्रमांक मात्र सवयीनं टिपून ठेवला.

निघताना शेळ्या चारणारी एक म्हातारी भेटली. तिनं मला तेलुगूत विचारलं, "मागच्या खेपेला आल्या होत्या त्या अम्मा नाही आल्या?" हर्षवर्धनची बायको येऊन गेली असेल. मी विचारलं तर तो म्हणाला, त्याचं लग्नच झालेलं नाही. म्हातारीला कमी दिसत असावं.

सोमवार, २९ डिसेंबर

झुमक्याचा क्रमांक सरकारी ॲपवर टाकला. वस्तू: कानातलं. हॉलमार्क: मार्च २०२३. दागिना ज्या पेढीचा, ती मलकपेठेत आहे. काय सोय झालीय! पेढीत जाऊन बाईचं नाव काढता येईल. अंबाजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, हर्षवर्धननं ते काम कधीच उरकलंय, तुम्ही तसदी घेऊ नका.

सुनीताला झुमक्याचं बोललो नाही. ती लगेच म्हणेल पोलिसांत द्या, आणि जमून आलेलं काम विस्कटेल. बायकोपासून गोष्ट लपवली की जेवण नीट जात नाही. आज भातच खाल्ला.

गुरुवार, ८ जानेवारी २०२६

अंबाजींची नवीच मागणी. येत्या अठराला, रविवारी अमावास्या आहे. त्या दिवशी वहिनींना जागेवर आणा. त्यांनी फक्त जमिनीला पाय लावायचा. "हर्षवर्धनची तेवढी श्रद्धा आहे. पैसा त्याचा, जमीन त्याची. आपलं काय जातं?"

मी मनसोक्त हसलो. म्हटलं, पायांकडून जन्मलेल्या माणसाच्या पायात कुठली चकती बसवलेली असते? अंबाजीही हसले. मग म्हणाले, "वहिनी नसतील तर हर्षवर्धन म्हणतो, काम बंद."

काम बंद, म्हणजे मी परत टीव्हीसमोर. हे लिहिताना लाज वाटते, पण मला ते नकोय.

सुनीताला विचारलं. "माझ्या पायाशी त्यांना काय करायचंय?" एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला लागली. भांडी घासायला बाई येते आमच्याकडे.

रविवार, ११ जानेवारी

परत जागेवर. त्यांनी माणसं लावून भुसभुशीत जागेशेजारी नवा खड्डा खणून घेतलाय. मोजला: लांबी सहा फूट, रुंदी अडीच, खोली पाच. कडा व्यवस्थित तासलेल्या. मी वैतागलो. माझं यंत्र एक फूट बघतं, इथं सिग्नल शून्य, मग माणूस मावेल एवढा खड्डा कोणत्या हिशेबानं?

हर्षवर्धन म्हणाला, "अंकल, एक फूट आप देखो. नीचे का हम देख लेंगे."

खड्ड्याच्या डोक्याशी हळदकुंकू आणि सोललेले नारळ होते. शिकलेली माणसं! मला त्यांची कीव आली. पण असल्या गोष्टींना आपण घाबरलो, तर आपणही त्यांच्यातलेच झालो. म्हणून मुद्दाम त्या हळदकुंकवावरून चकती फिरवली. काही वाजलं नाही.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत.

आभाळभर पतंग. अंबाजींनी सुनीतासाठी वाण म्हणून हिरवी साडी, हिरव्या बांगड्या आणि ओटीचं सामान पाठवलं. रविवारी हीच साडी नेसा, असा निरोप. संक्रांतीला काळी साडी द्यायची सोडून हिरवी? आमच्या मंडळाच्या सावित्रीबाई हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्यांनी साडी उलटसुलट बघितली आणि विचारलं, "कुणी दिली?" नाव ऐकल्यावर म्हणाल्या, "मलकपेठच्या मंगलालाही त्यांनी अशीच दिली होती." आणि तिळगूळ न खाताच उठल्या. अलीकडे त्यांना जरा विसरायला होतं.

संध्याकाळी सुनीता माझ्याशेजारी येऊन बसली. खूप वेळ कुडीशी चाळा करत होती.

"ते लोक मला आवडत नाहीत," म्हणाली. "मला भीती वाटते. तुम्ही हसाल, पण वाटते."

मी हसलो नाही. म्हटलं, नको तर नको.

ती म्हणाली, "आठ महिने तुम्ही आरशात बघून दाढी करत नव्हता. आता पहाटे उठून शीळ घालता. तुम्ही माझ्या आईची कुडी शोधून दिलीत. एक दिवस येते मी. सोन्यासाठी नाही हं, तुमच्यासाठी."

बत्तीस वर्षांत मी तिला कधी सांगितलं नाही, ते आज सांगितलं. ती म्हणाली, "पुरे, शेजारी ऐकतील."

शनिवार, १७ जानेवारी

पुण्याहून नेहाचा फोन. "बाबा, उद्या काय?" अंबाजींनी सांगितल्याप्रमाणे म्हटलं, देवदर्शनाला जातोय, फोन लागणार नाही. लेकीशी खोटं बोललो. सोमवारी सगळं खरं सांगीन, तिला गंमत वाटेल.

अंबाजींनी संध्याकाळी आठवण करून दिली: मोबाईल दोघांचेही घरीच ठेवा. वहिनींच्या अंगावर मंगळसूत्रसुद्धा नको. "तुमचाच नियम, दिगंबरराव." माझा नियम कुणीतरी इतका मनावर घेतोय! खात्यात तीस वर्षं बोंबललो तरी कुणी घेतला नव्हता.

यंत्र चार्ज केलं. चकती पुसली.

रविवार, १८ जानेवारी. दुपारी अडीच.

सुनीता हिरव्या साडीत तयार आहे. हिरव्या बांगड्या काचेच्या, त्या चालतील. मंगळसूत्राचा फासा तिला निघेना, म्हणून मीच काढून दिला. कुड्या डबीत ठेवल्या. डबी आणि दोघांचे मोबाईल या रजिस्टरशेजारी टेबलावर आहेत. मोकळ्या कानांनी ती लग्नाआधीसारखी दिसते. किती वर्षांनी आम्ही दोघं मिळून कुठं निघालोय. तिनं डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतलीय. म्हणाली, "खोदकाम बघत उपाशी बसायचं नाही मला."

एकच विरस झाला. यंत्राची पेटी दाराशी आणून ठेवली होती. सकाळी अंबाजींचा फोन आला, "आज यंत्र आणू नका, दिगंबरराव. आज गरज नाही." दीड महिना मी ज्याच्यावर जीव पाखडला, तेच घरी! रागच आला होता, पण सुनीतासमोर दाखवला नाही. पेटी परत कपाटाजवळ ठेवली.

खाली हॉर्न वाजतोय. सुनीता जिना उतरायलाही लागली.

आत्ता, चप्पल घालताना डोक्यात आलं, म्हणून परत येऊन लिहितोय. यंत्र न्यायचं नाही, तर मग मोबाईल घरी का ठेवायचे?

गाडीत बसल्यावर विचारतो.